हात पुढे करता येईना तेव्हा

पुलगावात किंवा आजूबाजूच्या गावात कोणाला जीबीएस, म्हणजे अंग लुळं पाडणारा नसांचा आजार, झाला की त्या घरचे लोक मला फोन करतात. ‘शीला बाई यातून उठल्या, त्यांना विचारा’ असं कोणीतरी सांगितलेलं असतं. विचारतात दोनच गोष्टी: किती दिवसांनी चालायला लागलात आणि खायला काय दिलं. दोन्हींची उत्तरं डॉक्टरांना जास्त चांगली येतात. मला जे सांगता येईल ते कोणी विचारत नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वय चोपन्न, लग्न केलं नाही, आणि तोंडाने फटकळ. हे शेवटचं माझ्या भावाचं मत. योसेफदादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, रेल्वेतून कारकून म्हणून निवृत्त झाला. आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत तो वडील आहे, म्हणजे पाळकांच्या बरोबरीने उपासनेची जबाबदारी सांभाळतो. वहिनी गेल्यापासून आम्ही दोघंच एका घरात राहतो आणि जेवताना भांडतो.

ताटावरचं भांडण

भांडण आम्ही सुरू केलेलं नाही. ख्रिस्ती लोक शेकडो वर्षं ते भांडत आले आहेत. माणसाचं तारण होतं ते कोणाच्या निर्णयाने? कोणाला वाचवायचं ते देवाने जग घडवण्याआधीच नेमून ठेवलं आहे, की तो सगळ्यांपुढे तारण धरतो आणि घ्यायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं? दादा पहिल्या पक्षाचा, मी दुसऱ्या.

रविवारच्या शाळेत मी मुलांसमोर पेरू धरायची. ‘हा मी तुला दिला. तुझा झाला का?’ मुलं म्हणायची, नाही बाई, घेतला तर होईल. मग घे, म्हणायची मी. पोरगं हात पुढे करायचं, पेरू खायचं, आणि माझा धडा संपायचा. त्या दुपारी दादा ताटावर बसल्या बसल्या सुरू करायचा.

“पोट्टे जिते हायेत म्हणून हात पुढे करतात, शीला. मेलेला माणूस हात पुढे करत नाई. त्याले आधी जितं करा लागते, अन् ते काम त्याचं नाई.”

मी विचारायची, ज्याला जिवंत केलंच नाही त्याचा दोष काय मग? न्यायाच्या दिवशी त्याला जाब कशाचा विचारणार? दादा ताटात आणखी वरण वाढून घ्यायचा. मग तो विचारायचा, म्हणजे देव तुझ्या परवानगीसाठी दारात ताटकळत उभा आहे का? यावर मी भांडी जरा जोरात उचलायची. आमचा धाकटा भाऊ दानीएल, म्हणजे दान्या, आमच्याकडे आलेला असला की मधे बसून हसायचा आणि शेवटची पोळी उचलायचा.

दान्याने आर्वीच्या मालतीशी लग्न केलं. ती हिंदू, घरची भाजीची शेती. तो तिकडेच राहिला, वांगी आणि मेथी पिकवू लागला, आणि चर्चला यायचा बंद झाला. एक्केचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेला. माती देऊन आल्यावर लोक बसले होते. एका मावशीने विचारलं की याच्या तारणाचं आता काय. मी म्हणाले, “दार उघडं होतं, मावशी. आत यायचं की नाही हे त्याने ठरवलं.” मालती पाण्याचा तांब्या घेऊन तिथेच उभी होती. दादा उठून बाहेर गेला. मला वाटलं, मी खरं बोलण्याचं धैर्य दाखवलं. त्यानंतर सहा वर्षं मालतीने मला फोन केला नाही आणि मीही तिला केला नाही.

पाय कुठे गेला

शाळेतून परतताना एसटीत चढत होते. मागून एक मुलगी म्हणाली, बाई, चप्पल राह्यली. पायात चप्पल नव्हती आणि मला ते कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बोटांतून खडू पडू लागला. मुलं हसली, मी रागावले, आणि वर्ग सुटल्यावर खुर्चीतून उठताच येईना. त्याच्या आधीच्या आठवड्यात पोट बिघडलं होतं, तेवढंच. तिसऱ्या दिवशी दादा मला गाडीत घालून वर्ध्याच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेला.

पाठीतलं पाणी काढलं, नसांना वीज लावून तपासलं. डॉक्टर तरुण बाई होत्या. स्टूल ओढून माझ्या उशाशी बसल्या, आणि त्यांच्या बसण्यावरूनच मी काय ते ओळखलं. म्हणाल्या, तुमच्या शरीराची फौज चुकून तुमच्याच नसांवर चालून गेली आहे. हे पायांतून वर चढत जाईल, कदाचित श्वासापर्यंत पोचेल. मग थांबेल, मग उतरेल. उतरायला वेळ लागेल.

मी विचारलं, मी काय करायचं?

“तुम्ही काही करायचं नाही,” त्या म्हणाल्या. “आम्ही धरून ठेवू.”

माझ्या आयुष्यात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मला त्यांचा राग आला. दादा खिडकीकडे तोंड करून उभा होता.

आत मी होते

पाचव्या दिवशी श्वासाचं मशीन लावलं. पुढे गळ्याला भोक पाडून नळी घातली. हात, पाय, जीभ, चेहरा, सगळं गेलं. पापण्या तेवढ्या थोड्या मिटत होत्या. एकदा मिटली तर हो, दोनदा मिटली तर नाही. आणि ऐकू सगळं येत होतं, हे घरच्या लोकांनी पक्कं लक्षात ठेवावं. माझ्या पलंगाशी उभं राहून दोन नातेवाइकांनी माझ्या पेन्शनचं काय होईल याची चर्चा केली. मी दोनदा पापणी मिटली, पण कोणी पाहिलंच नाही.

भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, इच्छाशक्ती ठेवा. माझी इच्छाशक्ती शाबूत होती. तिच्या हाताशी काहीच उरलं नव्हतं. तुमचा माणूस असा पडला असेल तर कृपा करून त्याला हे वाक्य ऐकवू नका. त्याला आज वार कोणता ते सांगा. तिथे एक सिस्टर होती. माझ्या डोळ्यांत थेंब टाकण्याआधी ती दरवेळी सांगायची, बाई, आता गार लागेल. तेवढ्या एका वाक्यावर मी अर्धा दिवस काढायची.

भीती मरणाची होती, हे कबूल करते. पण दुसरी भीती तिच्याहून मोठी निघाली. मला प्रार्थना करता येईना. चौदाव्या वर्षी मी प्रभूचा हात धरला, दिवस आणि जागा मला आजही सांगता येते, आणि तेव्हापासून मला स्वतःबद्दल कधी शंका आली नव्हती. आता मनात ‘हे बापा’ म्हणायची आणि पुढचा शब्द यायचा नाही. छताच्या चौकटी मोजत राहायची. देवावर रागही नव्हता. राग असता तरी बरं झालं असतं, राग निदान कोणावर तरी असतो. आत नुसतं रिकामं होतं.

मग मी माझाच धडा मला शिकवून पाहिला. घेतलं तरच आपलं होतं, असं मी तीस वर्षं मुलांना सांगितलं. मला आता घेता येत नव्हतं. हाताने तर नाहीच, मनानेही नाही. तर मग मी कोणाची होते? याच अवस्थेत श्वास थांबला तर मी कुठे जाणार होते?

त्यामागून दान्या आठवला. त्याचं मनही असंच आतून लुळं पडलेलं असेल, आणि आम्ही त्याला आळशी म्हणत राहिलो असू, हे मला पहिल्यांदा सुचलं. त्या दिवशी सिस्टरने डोळ्यांतलं पाणी तीनदा पुसलं.

दादाचं बोलणं पुरं झालं

दादाला रोज दुपारी दहा मिनिटं आत सोडत. सुरुवातीला तो उभा राहून प्रार्थना करायचा आणि जायचा. एका दुपारी तो स्टुलावर बसला.

“शीला, तुले मधात बोलता येत नाई म्हणून सांगून घेतो,” तो म्हणाला. “निवड देवाची हाय, हे मी साऱ्यायले सांगत आलो. पन त्या निवडीत मी हाय का नाई, हे मले कधीच समजलं नाई. रोज सकाळी उठून पाह्यतो, आज तरी आतून काही वाटते का. तुले चौदाव्या वर्षी खात्री झाली. मले तुहा हेवा वाटते.”

पंचवीस वर्षांत माझ्यासमोर त्याचं बोलणं पहिल्यांदाच न तोडता पुरं झालं होतं. त्याची ठाम वाक्यं, टेबलावर आपटलेली बोटं, शास्त्रातले काढून ठेवलेले संदर्भ, आणि या सगळ्याच्या मागे हा माणूस रोज सकाळी घाबरून उठत होता. मला त्याला सांगायचं होतं की खात्री आता माझ्याकडेही नाही. एका पापणीने हे कसं सांगणार? माझे डोळे वाहू लागले. त्याला वाटलं, औषधाचे थेंब असतील. त्याने रुमालाने पुसले आणि वेळ संपली म्हणून तो उठला.

मालती

गळ्यात नळी घातल्यावर मला दोन पलंगांच्या लहान खोलीत हलवलं. तिथे एका बाईमाणसाला सोबत राहू देत. दादाने कोणाकोणाला फोन केले मला माहीत नाही. एका सकाळी डोळे उघडले तर समोर मालती उभी. पदर खोचलेला. माझ्याकडे पाहून ती फक्त “ताई” म्हणाली आणि चादर सरळ करू लागली.

पाच आठवडे ती राहिली. दर दोन तासांनी मला कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, नाकातल्या नळीतून पातळ खाणं द्यायचं, केस विंचरायचे, आणि ज्या कामांचं नाव चारचौघांत घेत नाहीत तीही. मी शरमेने अर्धी व्हायची. तिने दान्याचा विषय काढला नाही. त्या सहा वर्षांचाही नाही. शेजारच्या पलंगावरच्या आजीशी मात्र दिवसभर गप्पा मारायची.

प्रभुभोजन

आमच्या मंडळीत एक रीत आहे. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून वाटतात ती भाकर वाढणारा थेट तोंडात घालत नाही. उजवा तळवा डाव्यावर ठेवायचा, दोन्ही हात छातीपर्यंत वर आणायचे, मग वाढणारा त्यात तुकडा ठेवतो. हात वर आले नाहीत तर वाढणारा थांबतो. मुलांना ही रीत मीच शिकवायची.

एका रविवारी पाळकांना दुसऱ्या गावच्या मंडळीत उपासनेला जायचं होतं. त्यांनी दादाच्या हाती भाकर पाठवली, आणि डॉक्टरांनी ओठांना नुसती लावायला परवानगी दिली. दादा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. हात धुतले, डबी उघडली, हळू आवाजात प्रार्थना म्हटली. मग तुकडा बोटांत धरून माझ्यासमोर उभा राहिला.

आणि उभाच राहिला.

त्याचे डोळे माझ्या हातांवर होते. चौदा वर्षं तो हे वाढत आला आहे. समोर हात येतात, मग तो तुकडा ठेवतो. मी कशी पडले आहे हे तो त्या क्षणी पार विसरला होता. मेलेला माणूस हात पुढे करत नाही असं मला जन्मभर ऐकवणारा माझा भाऊ, मी हात पुढे करण्याची वाट पाहत होता.

मी केला. आतून मी दोन्ही हात पुढे केले, होतं नव्हतं ते सगळं लावून केले. चादरीवर माझी बोटं होती तशीच पडून राहिली. किती वेळ गेला सांगता येत नाही. दादाच्या लक्षात आलं तेव्हा त्याचा चेहरा पडला, पण काय करावं ते त्याला सुचेना, कारण रीतीत पुढचं काही लिहिलेलंच नव्हतं.

मालती पायथ्याशी कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला आमच्या रीतीतलं काही माहीत नाही. तिने घडी खाली ठेवली.

“दादा, ताईच्यानं होत नाई नं,” ती म्हणाली.

ती आली, माझ्या दोन्ही हातांखाली तिने आपले हात घातले आणि ते वर उचलून धरले. दादा पुढे सरकला. त्याने तुकडा माझ्या तळव्यावर ठेवला. त्याचं वजन मला कळलं नाही, कातडीला तेवढी जाणीव नव्हती. खालच्या हातांची ऊब मात्र कळली. ज्या बाईच्या नवऱ्याला मी भरल्या घरात दाराबाहेर ठेवलं होतं, तिच्या हातांत माझे हात होते, आणि त्यांत जे आलं होतं ते घेण्यासाठी मी बोटसुद्धा हलवलेलं नव्हतं. मी इतकी थक्क झाले की भीती विसरले. माझ्या पलंगाशी आम्हा तिघांखेरीज कोणीतरी चौथं उभं आहे असं मला वाटलं. हे मी कोणाला पटवून देऊ शकत नाही आणि देणारही नाही.

दादाने तुकडा माझ्या ओठांना लावला आणि माझ्या वाटचा स्वतः खाल्ला. मग सिस्टर नळी साफ करायला आली आणि तिने दोघांना बाहेर काढलं.

अंगठा

व्यायाम घेणाऱ्या बाई रोज सकाळी सांगायच्या, मनाने पाय हलवा. मी रोज हुकूम सोडायची. तीन आठवडे काही झालं नाही. मग एका दुपारी मालती शेजारच्या आजीला भरल्या वांग्यात तीळ किती घालायचे ते सांगत होती. मी ऐकत होते, आणि ती जास्त सांगते आहे असं माझं मत होत होतं. त्यात मालती एकदम थांबली. माझ्या उजव्या पायाचा अंगठा हलला होता.

“ताई, तुमी हालवला?”

मी दोनदा पापणी मिटली. नाही. मी हलवला नव्हता. मी तिळात होते.

मग मी ठरवून हलवला, आणि तो हलला. पुन्हा ठरवलं, पुन्हा हलला. मालती धावत सिस्टरला बोलवायला गेली. मी माझ्या अंगठ्याकडे पाहत राहिले. पहिलं हलणं माझं नव्हतं, हे मला स्वच्छ कळत होतं. दुसरं पूर्ण माझं होतं, हेही तितकंच स्वच्छ होतं. आणि पहिलं आधी झालं नसतं तर दुसरं होणारच नव्हतं. ज्यावर दादा आणि मी पंचवीस वर्षं पोळ्या गार केल्या, ते माझ्या पायाच्या टोकाशी होऊन गेलं होतं, आणि त्यात दादाचं म्हणणं कुठे संपतं आणि माझं कुठे सुरू होतं ते मला सापडत नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, यात चमत्कार नाही, नसा अशाच परत येतात. मी त्यांचं म्हणणं मानते. माझं आश्चर्य त्याने तसूभर कमी झालं नाही.

त्यानंतर सगळं उतरत गेलं, जसं त्यांनी सांगितलं होतं तसं. गळ्याची नळी निघाली त्या दिवशी दादा समोर होता. मी घोगऱ्या आवाजात म्हणाले, “मलाही नव्हती.” काय, म्हणाला तो. खात्री, मी म्हणाले. त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग तो माझ्या पलंगावर बसला आणि आम्ही दोघं म्हातारी माणसं खूप रडलो. प्रार्थनाही हळूहळू आली. पहिले काही दिवस नुसतं ‘हे बापा’ एवढंच यायचं, आणि तेवढं पुरायचं.

आर्वी

घरी आल्यावर काठीने चालायला लागायला मला सात महिने लागले. एसटीच्या पायरीवर चढता आलं त्या आठवड्यात मी आर्वीला गेले. मालती शेताच्या कडेला बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. मला घमेलं पालथं घालून दिलं, मी त्यावर बसले. बसमध्ये मनाशी तयार केलेलं सगळं भाषण विसरले.

म्हणाले, दान्याबद्दल त्या दिवशी मी जे बोलले, ते मला माहीत नव्हतं. माहीत नसताना बोलले. माझं चुकलं.

तिने जुडी बांधून पूर्ण केली. “मले तवा लय वाईट वाटलं होतं, ताई,” ती म्हणाली. आणि दुसरी जुडी घेतली.

थोड्या वेळाने मी विचारलं, इतकं मनात असून तू का आलीस? माझ्यासारखीसाठी यायचं तू ठरवलंस तरी कसं?

“ठरवून नाई आली मी,” मालती म्हणाली. “दादाचा फोन आला तवा वांगे तोडून राह्यली होती. येनं होनार नाई, असं सांगून फोन ठेवला. नाई म्हटल्याचं मले चांगलं आठवते. हो म्हटल्याचं काई आठवत नाई. मंग पाह्यते तं मी वर्ध्याच्या बसमधी बसली होती, हातात वांग्याची थैली तशीच.”

ती हसली आणि मेथीवर पाणी शिंपडू लागली.

तिचा नकार आणि ती बस यांच्या मधे काय घडलं, ते तिला माहीत नाही. दादाला नाही, मलाही नाही. पण माझे दोन्ही हात ज्यांनी वर उचलून धरले ते हात तिथूनच आले होते. तिला त्या नकारातून ज्याने बसपर्यंत आणलं, तो दान्याकडेही गेला असेल, शेवटच्या श्वासाआधी, आमच्यापैकी कोणाला न कळता. मी मालतीला हे बोलून दाखवलं. शिंपडायचं थांबून तिने पदराने तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसतच राहिली.

परत निघाले तेव्हा तिने माझी काठी स्वतःकडे घेतली, मला हाताला धरून बसस्टँडवर आणलं आणि बसमध्ये बसवून दिलं.